कोरमअभावी तहकूब

अशोक,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी बोलले नाही. भन्तेजींचा पाठ झाला, पंचायत समितीतले तुझे दोन जुने सहकारी बोलले, मग माईक माझ्याकडे आला आणि मी तो तसाच पुढे दिला. लोकांना वाटलं, मोठी बहीण आहे, शब्द फुटत नसेल. मी तसं वाटू दिलं. खरं असं होतं की त्याच सकाळी पालिकेचा एक माणूस तुझं घर विचारत आला होता, आणि मांडवात बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये तुझ्या ठरावाची झेरॉक्स होती.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत मैत्री आणि निखिल. माझी एक नात डब्लिनला, एक नातू मेलबर्नला. दोघंही अजून मराठी वाचतात, सावकाश. मैत्रीने मागच्या हिवाळ्यात फोनवर विचारलं होतं, "आजी, इतक्या देशांत लोक स्वतः मतं देऊन एकाच माणसाच्या हातात सगळं का देतात? कोणी बंदूक तर लावलेली नसते." मी तिला वर्गात द्यावं तसं उत्तर द्यायला लागले. तू बाजूला बसून चहा पीत होतास. म्हणालास, "मैत्री, तुह्या आजीले पुस्तकातलं विचार. लोकायचं मले विचार." आणि मग तुला खोकला आला, फोन ठेवला गेला, ते उत्तर राहिलं. आता ते मला द्यायचं आहे, आणि सांगण्यासारखं उदाहरण माझ्याकडे एकच आहे. ते तू आहेस.

मुलांसाठी थोडं मागचं सांगते. अमरावतीच्या कॉलेजातून मी निवृत्त झाले, तुझे भावजी गेले, तेव्हा तूच मला अकोल्याला ओढून आणलंस. गावाबाहेरचं नवं ले-आऊट, बत्तीस प्लॉट, तुझ्या शेजारचा माझा. नळाची लाइन तिथवर आली नव्हती. मोकळ्या जागेत आपली बोअर, वर टाकी, तीन गल्ल्यांना तीन व्हॉल्व्ह. रस्त्यावर दिवे लागायच्या आधी तू नियम लिहिलेस. व्हॉल्व्ह उघडायची पाळी प्लॉटच्या क्रमाने, प्रत्येक घराकडे एक आठवडा. अध्यक्ष दर वर्षी बदलणार. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजता टाकीखाली सभा, कोरम अकरा घरांचा. अक्षर बरं म्हणून प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्याकडे. गावंडे काकू पहिल्या पाळीला घाबरून रडायच्या बेतात होत्या. तू म्हणालास, "काकू, हे चाक डावीकडे फिरलं का तुमची गल्ली, उजवीकडे फिरलं का भांडण." आठवड्याच्या शेवटी त्याच दुसऱ्यांना शिकवत होत्या. मला त्या वेळी तुझा फार अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते, कारण पुढे लिहायचं आहे ते वेगळं आहे.

तुझी सगळी नोकरीच सभा भरवण्याची होती. विस्तार अधिकारी, पंचायत. वरूडच्या बाजूला होतास तेव्हाचा किस्सा तू इतक्यांदा सांगितलास की मुलांनाही पाठ आहे. संत्र्याचा तोडा चाललेला, गाव सगळं बागेत, आणि ग्रामसेवकाने घरोघर फिरून सह्या घेऊन ग्रामसभा झाल्याचं लिहून टाकलेलं. तू त्याला रजिस्टरसकट मोटारसायकलवर बसवून बागेत नेलंस. लोक क्रेट भरत होते. तू म्हणालास, सभा इथंच. एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, सही तं केली ना मी, आता बोलाचं काहून?" आणि तुला हसू आवरेना. तरी दोन तास सभा झाली, आणि शाळेची वाट कुठून जाणार ते त्या दिवशी बदललं.

तुझा सगळा राग त्या एका तरतुदीवर होता. कोरम नसेल तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पाच माणसं येतात, अर्धा तास घड्याळाकडे पाहतात, सभा तहकूब झाली म्हणतात आणि तीच पाच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून गावाचा निकाल लावतात. सगळं कायदेशीर. "ताई, याच भोकातून सगळं जाते," तू म्हणायचास. "कोणी दरोडा नाही घालत. लोक येत नाहीत, आन् जो येतो तो मालक होते."

मी तुझ्याशी वाद घालायची. मला वेळेवर चालणारी कचेरी आवडते, स्वच्छ टेबल आवडतं. आणीबाणीत मी नवी नवी शिकवायला लागले होते. बडनेऱ्याला गाडी वेळेवर यायची, वर्गात गोंधळ नव्हता, आणि मी घरी येऊन म्हटलं होतं की यात वाईट काय आहे. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. मग एक पोस्टकार्ड टाकलंस, त्यावर एकच प्रश्न: आता तुझ्या वर्गात प्रश्न कोण विचारतं? मी त्याचं उत्तर कधी दिलं नाही. वर्गात प्रश्न विचारणं थांबलं होतं, आणि मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं होतं. तुझं बरोबर होतं, हे तुझ्या तोंडावर मी पन्नास वर्षांत म्हटलं नाही. आता म्हणते. आणि म्हणूनच तुझ्यावरचा राग जास्त आहे. माझ्यासारखीकडून ही चूक झाली असती तर समजलं असतं.

मुलांनो, ते कसं झालं ते नीट वाचा, कारण त्यात एकही वाईट माणूस नाही.

एका मे महिन्यात बोअरचं पाणी खाली गेलं. तिसऱ्या गल्लीतल्या एका घराकडे व्हॉल्व्हची पाळी असताना तिसऱ्या गल्लीलाच तासभर पाणी सुटलं आणि पहिल्या गल्लीत बादलीभरसुद्धा आलं नाही. टाकीखाली भांडण झालं. कोणी कोणाची जात काढली, कोणी कोणाचा बाप. दुसऱ्या दिवशी शीतल, ती बँकेत जाणारी, पहिल्या गल्लीतली सून, तुझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "काका, तुम्हीच घ्या ना हातात. दोन महिन्यांपुरतं. तुमचं सगळे ऐकतात." तू नको म्हणालास. खरंच म्हणालास, मी ऐकलं आहे. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अशोक, पाऊस येईपर्यंत घे. नाहीतर ही माणसं एकमेकांची डोकी फोडतील." सूचक शीतल, अनुमोदक मी. रजिस्टरमध्ये आहे, माझ्याच अक्षरात.

तू पहाटे उठून तिन्ही व्हॉल्व्ह स्वतः फिरवलेस. घड्याळ लावून, एका मिनिटाचा फरक नाही. आठ दिवसांत भांडण संपलं. पाऊस आला, बोअर भरली, आणि पाळ्या परत सुरू करू असं कोणीच म्हणालं नाही. तूही नाही, मीही नाही. इतकं छान चाललं होतं. लोक सभेला येईनासे झाले, कारण यायचं कारणच उरलं नव्हतं. आधी आपण पाच जण अर्धा तास बसायचो. मग तू, मी आणि गावंडे काका. मग अर्धा तासही जड वाटायला लागला. एका रविवारी तू कुंपणापलीकडून म्हणालास, "ताई, लिवून टाक आपली नेहमीची. मी फिरून सह्या घेतो." मी चष्मा लावला आणि लिहिलं: 'कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात आली. अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी तहकूब सभा घेण्यात आली.' तेव्हा मी माझ्या स्वयंपाकघरात होते, गॅसवर वरण होतं. तू रजिस्टर काखेत धरून घरोघर फिरलास. सगळ्यांनी सही केली. कोणी वाचलं नाही.

हे तीन वर्षं चाललं. न थांबलेले अर्धे तास मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले, समास सोडून, ठरावांना क्रमांक देऊन. तू वरूडच्या त्या ग्रामसेवकाचा किस्सा त्या तीन वर्षांतही सांगत होतास. आपण दोघंही हसत होतो. मला एकदाही वाटलं नाही की आपण तोच आहोत.

आणि त्याच काळात तू पेपरला पत्रं लिहीत होतास. शहरात निवडून आलेलं कोणी नाही, कधीचा प्रशासकच कारभार पाहतो आहे, आणि लोकांना त्याचं काहीच वाटत नाही, म्हणून. चांगली पत्रं होती. एकाचं मराठी मी दुरुस्त करून दिलं होतं. तू चिडलास, "माह्यं मराठी माह्यंच राहू दे." प्रशासकाबद्दल तू जे जे लिहिलंस ते आपल्या टाकीखाली उभं राहून वाचलं असतं तर चाललं असतं. ते तुला दिसलं होतं का, हे मला विचारायचं होतं. आत्ता सुचतं आहे.

दिवाळीनंतर तुझं हृदयाचं दुखणं निघालं. माघातल्या एका सकाळी तू म्हणालास, "ताई, या खेपेचं लिवताना मधात जागा सोड. विषय मी भरतो, बोअरच्या मोटारीचं काही आहे." मी वरचा भाग लिहिला, खालचा लिहिला, मध्ये बारा ओळी मोकळ्या ठेवल्या. विचारलं नाही. तुझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं तर कंटाळा होता. मैत्री, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे, आणि ते द्यायला मला लाज वाटते.

त्या बारा ओळींत तू लिहिलंस की ले-आऊटची बोअर, टाकी, पाइपलाइन आणि मोकळी जागा पालिकेकडे कायमची हस्तांतरित करण्यास सभेची सर्वानुमते संमती आहे. तुझं अक्षर तू माझ्या अक्षरासारखं करायचा प्रयत्न केला आहेस. लहानपणी माझ्या वहीतून निबंध उतरवायचास तेव्हाही तुझा 'र' फसायचा.

पालिकेतून आलेल्या माणसाची काही चूक नाही. अर्ज आपल्याकडूनच गेला होता, कागद पुरे होते. त्याने अदबीने सांगितलं, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. पुढे व्हॉल्व्ह त्यांचा माणूस फिरवील. तक्रार असली तर मोबाइलवर नोंदवायची.

त्या संध्याकाळी मी तुझ्या बायकोला, विमलला विचारलं. तिला माहीत होतं.

"मले म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणे, मी गेल्यावर हे लोक टाकीखाली मारामाऱ्या करतीन. वरच्यायच्या हाती दिलं का कटकट संपली."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमी वाद घातला असता ना ताई. ते थकले होते."

मी वाद घातला असता. त्यासाठीच तर बहीण असते. विमल पदराचा काठ दुमडत म्हणाली, "माणूस गेला ताई. आता त्याच्या नावाले धक्का काहून लावता? पाणी तं येऊनच राहणार आहे."

तू गेलास त्या सकाळपासून दोन दिवस तिसऱ्या गल्लीला पाणी नव्हतं. बत्तीस घरांत एकालाही तो व्हॉल्व्ह कुठे आहे ते आठवेना. अखेर गावंडे काकूंना आठवलं, फरशीखाली. त्यांच्या हातात आता बळ नाही. शीतलने चाक फिरवलं, उलटं फिरवलं, मग बरोबर फिरवलं. तू म्हणत होतास ना, हे लोक सांभाळू शकणार नाहीत. सांभाळत होते, अशोक. तू इतकं चांगलं सांभाळलंस की ते विसरले. आणि मग ते विसरले म्हणून तू ते त्यांच्याकडून काढून घेऊन वर दिलंस. मैत्रीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तरी इतकंच कळलं आहे. मोठ्या देशांचं काय होतं ते तिला तिच्या विद्यापीठात शिकवतील. मी एका टाकीचं सांगू शकते.

मी घरोघर गेले. सांगितलं की ती सभा झालीच नव्हती, लिहिलेलं खोटं आहे, लिहिलं मी आहे. मला वाटलं होतं लोक चिडतील. शीतल म्हणाली, "मॅडम, सही तर मी केली आहे. आणि खरं सांगू का, सरकारी झालं तर बरंच. कोणाची पाळी नको, कोणाचं तोंड नको." आणखी एका घरी मला सरबत मिळालं आणि तब्येतीला जपायचा सल्ला. गावंडे काका तेवढे म्हणाले, "अशोकभाऊनं असं केलं?"

तरी मी रविवारी दहाला सभा बोलावली. दोन दिवस आधी लेखी सूचना दिली, प्रत्येक दाराशी. प्लास्टिकच्या बत्तीस खुर्च्या मागवल्या. दहाला चार जण होते, सव्वादहाला सहा. शीतल आली, तिचं मला आश्चर्य वाटलं. विमल आली नाही. साडेदहाला आम्ही सात होतो.

गावंडे काकांनी घड्याळ पाहिलं. "झाला मॅडम अर्धा तास. घ्या तहकूब करून. सात जण हात वर करतो, हरकत मंजूर. मंगळवारी मुदत संपते. हे नाही केलं तं बोअर गेली समजा."

ते बरोबर बोलत होते. सात हात वर झाले असते, मी चार ओळी लिहिल्या असत्या, आणि पाणी आपल्याकडे राहिलं असतं. सगळं कायदेशीर. समोर पंचवीस रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि त्या घरांमधून टीव्हीचा आवाज येत होता.

"नाही," मी म्हटलं. "ज्यांना नकोच आहे त्यांच्या नावावर मी आता ठराव लिहिणार नाही. खूप लिहिले."

"मग अशोकभाऊचं चालून जाऊ द्यायचं?"

"तेही नाही. मी माझ्यापुरतं लिहून देते."

"त्यानं काही होणार आहे का?"

"माहीत नाही."

शीतल म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार ताणता." रागाने नव्हे, दमल्यासारखं म्हणाली. खुर्च्या एकात एक रचायला मात्र तीच थांबली. रचता रचता तिने विचारलं, पूर्वी सभेत काय काय व्हायचं. मी सांगितलं. ती ऐकत होती की नुसती सोबत करत होती, मला कळलं नाही.

कृतज्ञताही लिहायला हवी, मुलं वाचणार आहेत. मी अमरावतीच्या घरात एकटी वाकून गेले असते. तू मला इथे आणलंस, माझ्या दाराशी कडुनिंब लावलास, रोज सकाळी कुंपणावरून भांडलास. तुझ्याशी भांडायचं म्हणून मी पेपर नीट वाचत होते. आता पेपर येतो, मी तो घडी न मोडता ठेवते. पण तू मला पेपर वाचायला शिकवलंस ते सगळं एकीकडे, आणि माझ्याच अक्षराच्या मध्ये तू भरलेल्या त्या बारा ओळी एकीकडे. मला अजून ते दोन्ही एका माणसाचं वाटत नाही. तू मला सांगितलं असतंस, आपण भांडलो असतो, कदाचित मी हरले असते, तर पुण्यानुमोदनाला मी बोलले असते. चांगलं बोलले असते.

सोमवारी मी कचेरीत गेले. काउंटरवरची मुलगी मैत्रीच्याच वयाची, फार नम्र. माझं दोन पानी पत्र तिने पूर्ण वाचलं. मग म्हणाली, "आजी, असं नाही घेता येत. फॉर्म भरा लागते." फॉर्म तिनेच आणून दिला, बसायला खुर्ची दिली. त्यात एक रकाना होता: 'तक्रार कोणाविरुद्ध'. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग तुझं नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट, पूर्ण. त्याखाली, इतिवृत्त लिहिणारी म्हणून, माझं.

तिने वाचलं. "हे पहिले कोण?"

"माझा भाऊ."

"ते येतीन का सुनावणीले?"

"तो वारला. या महिन्यातच."

मग तिने फॉर्म माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाली, "मग त्यायचं नाव नाही चालत आजी. गेलेल्या माणसाविरुद्ध तक्रार नाही होत. ते खोडा, अन् बाजूले सही करा."

मी पट्टी मागितली. तुझ्या नावावर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली. खाली माझं एकटीचं नाव राहिलं.